स्तोत्र वाचायचं राहिलं आणि त्याच दिवशी अपघात झाला, चूक कुणाची?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. गेली दोन वर्षं तुम्ही रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी बायबलमधलं ९१वं स्तोत्र मोठ्याने वाचता, घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन. याच काळात तुमची नोकरी गेली, आईचं आजारपण मागे लागलं, तरी वाचन चुकलं नाही. मागच्या महिन्यात एक दिवस घाईत ते राहून गेलं आणि नेमका त्याच संध्याकाळी भावाचा अपघात झाला, पाय मोडला. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने "विश्वासाला भेग पडली की सैतानाला वाट मिळते" असं ऐकवलं. तेव्हापासून तुम्ही रात्री दोन-दोनदा उठून स्तोत्र म्हणता, मध्येच अडखळलात तर पुन्हा पहिल्यापासून. आणि विचारता, देवाच्या संरक्षणावर भरवसा ठेवायचा म्हणजे रोजच्या जगण्यात करायचं तरी काय?

मी पाळक आहे. अठ्ठावीस वर्षं मंडळ्या सांभाळल्या, त्यातली बरीचशी आठवड्यातले दोन दिवस रुग्णालयात आजाऱ्यांजवळ बसण्यात गेली. जे सांगतो ते बहुतेक त्या खाटांशेजारी शिकलेलं आहे, थोडं माझ्या चुकांमधून.

सगळ्यात आधी, अपघात तुमच्या राहिलेल्या वाचनामुळे झाला नाही. हे मी समजूत काढायला म्हणत नाही. लूकच्या १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याची गोष्ट येते. यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा ती माणसं जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, असं प्रभू येशू विचारतो, आणि उत्तरही स्वतःच देतो, नाही. जन्मांध माणसाजवळ शिष्यांनी तोच हिशेब मांडला, पाप याचं की याच्या आईबापांचं? तिथेही उत्तर तेच. संकट आलं म्हणजे मागे कुणाचं तरी चुकलेलं असणार, हा सरळ गुणाकार प्रभूने दोनदा खोडला आहे. तुमच्या वडीलधाऱ्यांनी तो पुन्हा मांडला, एवढंच.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारलंय भरवसा कसा ठेवायचा, पण मला तुमच्या मजकुरात वेगळाच प्रश्न दिसला. देव राखतो याबद्दल तुम्हाला फारशी शंका नाही. तुम्हाला धास्ती आहे ती आपल्या हातून काही सुटलं तर त्याचं राखणं बंद पडेल याची. म्हणजे घराची राखण तो करतो म्हणायचं, आणि रात्रपाळीला मात्र तुम्ही. स्तोत्राचा ताईत झाला आहे. शब्द कडक वाटेल, पण दुसरा सापडत नाही. ताईत गळ्यात आहे तोवर धीर, धागा तुटला की घाबरगुंडी. ताईत बांधणाऱ्याशी आपलं काही नातं लागत नाही, फक्त धाग्याशी लागतं.

याचा उपाय "अजून जोरात विश्वास ठेवा" हा नाही. त्याने धागा फक्त जाड होतो.

९१व्या स्तोत्राबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत असते, पण तिचा अर्थ कुणी फारसा लावत नाही. नव्या करारात या स्तोत्राची संरक्षणाची वचनं शब्दशः म्हणून दाखवणारा कोण आहे? सैतान. मत्तय ४ आणि लूक ४ मध्ये तो प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभं करतो आणि म्हणतो, उडी टाक, लिहिलंच आहे की देवदूत तुला हातांवर झेलतील, पायाला दगडही लागणार नाही. वचन खरं होतं. वापर खोटा होता. प्रभूने उत्तर दिलं ते अनुवाद ६ मधलं, आपल्या देवाची परीक्षा पाहू नको. वचन हातात धरून देवाला एखादी गोष्ट करायला लावणं आणि वचनावर विसावणं, दोन्हीत शब्द तेच असतात. म्हणून तर फसायला होतं.

आणि तेच स्तोत्र शेवटपर्यंत वाचा. पारध्याचा पाश, रात्रीचं भय, दिवसा सुटणारा बाण, सगळं येऊन गेल्यावर १५व्या वचनात देव स्वतः बोलतो, संकटाच्या वेळी मी त्याच्याजवळ राहीन, अशा अर्थाचं. संकटाची वेळ येणारच नसती तर त्या वेळी जवळ राहण्याचं वचन कशाला दिलं असतं? रुग्णालयात मी हे स्तोत्र वाचायला घेतलं की याच ओळीवर थांबतो. ऑपरेशनला निघालेल्या माणसाला "तुझ्याजवळ कोणतीही पीडा येणार नाही" ही ओळ वाचून दाखवताना माझीच जीभ अडखळायची. पीडा तर तिथे सलाईन लावून समोरच पडलेली असते.

मला स्वतःला जास्त आधार १२१व्या स्तोत्राचा वाटतो. आठच वचनं आहेत आणि त्यात एकच हिब्रू क्रियापद सहा वेळा येतं, शामर. राखणे. आपल्याकडे राखणदार म्हणतो तोच भाव. एदेन बागेत आदामाला ठेवलं ते बागेची मशागत आणि राखण करायला, तिथे हेच क्रियापद आहे. "मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे?" असं काइन उद्धटपणे विचारतो, तिथेही हेच. शेत राखणारा माणूस पाऊस थांबवत नाही, ऊन अडवत नाही. तो तिथे असतो, जागा असतो, आणि जे राखायचं ते सोडून जात नाही. काइनाने झटकलेलं काम देव १२१व्या स्तोत्रात स्वतःच्या अंगावर घेतो, आणि वर सांगतो की तो झोपत नाही, डुलकीसुद्धा घेत नाही.

मग प्रश्न उरतो तो अवघड. राखतो, तर मग हे कसं झालं? एकाला राखलं आणि दुसऱ्याला नाही, असं का?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. मग पेत्राला धरतो. पेत्राच्या साखळ्या गळून पडतात, देवदूत त्याला हाताला धरल्यासारखा बाहेर आणतो. दोघे प्रेषित, दोघे प्रभूच्या अगदी आतल्या वर्तुळातले. याकोबासाठी मंडळीने कमी प्रार्थना केली असेल का? लूकने एका ओळीत याकोबाचा मृत्यू लिहिला आणि कारण दिलं नाही. इब्री लोकांस पत्राचा ११वा अध्याय तर याहून स्पष्ट आहे. विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेपासून वाचले असं ३४व्या वचनात आहे, आणि काही तलवारीने मारले गेले असं ३७व्यात. दोन्ही एकाच यादीत. मेलेल्यांच्या नावापुढे "विश्वास कमी पडला" असा शेरा नाही, उलट ३९वं वचन त्या सगळ्यांच्या विश्वासाची साक्ष देतं.

शास्त्र जिथे कारण देत नाही तिथे मीही देत नाही. हे शिकायला मला फार उशीर लागला. सेवेच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका लहान मुलाच्या दफनविधीत मी त्याच्या आईला म्हणालो, "यात देवाचा काहीतरी हेतू असेल." ती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर चार वर्षं उपासनेला आली नाही. परत आली तेव्हा एकदा शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही देवाची बाजू मांडायला आला होता. मला माझ्या बाजूचं कुणीतरी हवं होतं." सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस काहीच न बोलता जमिनीवर बसून काढले. त्यांची तेवढीच सेवा चांगली झाली. तोंड उघडलं आणि बिघडलं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरणही याच कारणाने मी जपून देतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून ज्या बाईने अख्खं शास्त्र मराठीत आणलं, शेकडो निराधार मुली-बायकांना ज्यांनी आसरा दिला, त्यांची एकुलती एक मुलगी आणि कामातला उजवा हात असलेली मनोरमा १९२१ साली, चाळिसाव्या वर्षी गेली. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या स्वतः गेल्या. कुणी त्यांना विश्वासाला भेग पडली होती म्हणेल का?

मग देव राखतो म्हणजे नक्की काय राखतो? हे मला सगळ्यात नीट कळलं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या २७व्या अध्यायातून. उपदेशांत हा अध्याय फारसा येत नाही, नावं आणि बंदरं बरीच आहेत म्हणून असेल. जरा सविस्तर सांगतो.

पौल कैदी आहे, जहाजातून त्याला रोमला नेत आहेत. हंगाम वाईट आहे, पुढे जाऊ नका असं तो सांगतो, शताधिपती ऐकतो तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं. वादळ गाठतं. सामान समुद्रात फेकतात, जहाजाची सामग्री फेकतात, कित्येक दिवस सूर्य-तारे दिसत नाहीत, आणि वाचण्याची आशाच सुटते. तेव्हा पौल उभा राहून सांगतो की रात्री देवाचा दूत माझ्याजवळ उभा राहिला होता. तुमच्यातला एकही जीव जाणार नाही, जहाज मात्र जाईल. हे वचन आहे, थेट देवाकडून. आता यापुढे काय काय होतं ते बघा. वादळ लगेच थांबत नाही, चौदाव्या रात्रीपर्यंत ते हेलकावे खातात. दोरीने खोली मोजतात, वीस वाव, मग पंधरा वाव. खडकांवर आपटू म्हणून जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट पाहत बसतात. खलाशी गुपचूप होडी सोडून पळायला बघतात, तेव्हा पौल शताधिपतीला सांगतो, ही माणसं जहाजावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. पहाटे तो सगळ्यांना म्हणतो, खाऊन घ्या, तुमच्या डोक्याचा एक केसही जाणार नाही. भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो, खातो. लूकने डोकी मोजून लिहिली आहेत, २७६.

शेवटी जहाज वाळूत रुततं आणि मागून फुटतं. ज्यांना पोहता येत होतं ते उड्या टाकून पोहत गेले, बाकीचे फळ्यांवर आणि जहाजाच्या तुकड्यांवर तरंगत. सगळे किनाऱ्याला लागले.

एवढ्या एका प्रवासात वचन आहे आणि नांगरही आहेत. देवदूत आहे आणि पोहणंही आहे. एकही जीव जाणार नाही हे ठरलेलं असताना पौल होडीवर लक्ष ठेवतो, लोकांना जेवायला लावतो. त्याचा भरवसा त्याच्या डोळ्यांच्या आणि हातांच्या आड येत नाही. आणि किनाऱ्यावर गेल्यावर हा प्रेषित काय करतो? पाऊस आणि थंडी आहे म्हणून शेकोटीसाठी काटक्या गोळा करतो. त्यातून साप निघून हाताला डसतो. बेटावरचे लोक म्हणतात, हा खुनी असणार, समुद्रातून वाचला तरी न्याय याला सोडत नाही. ताई, तुमच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं या लोकांच्या म्हणण्यापेक्षा फार वेगळं नाही. पौलाने साप विस्तवात झटकला, त्याला काही झालं नाही, तेव्हा तेच लोक त्याला देव म्हणू लागले. दोन्ही वेळा चुकले.

तुमच्या घरावर हे जसंच्या तसं बसवायला मी धजत नाही. नोकरी हे जहाज होतं असं मी म्हणेन. भावाचा पाय जहाज नव्हे, तो माणूसच आहे, आणि दुखतं त्याला. याकोबाच्या बाबतीत तर जीवच गेला. इथे ख्रिस्ती विश्वासाला पुनरुत्थानाशिवाय दुसरी फळी नाही. लूकच्या २१व्या अध्यायात प्रभू शिष्यांना सांगतो, तुमच्यातल्या काहींना ते जिवे मारतील, आणि दोनच वचनांनंतर म्हणतो, तुमच्या डोक्याच्या एका केसाचाही नाश होणार नाही. एका दमात. जिवे मारतील आणि केसही जाणार नाही. मरणाच्या पलीकडेही राखणारा कुणी असेल तरच या वाक्याला अर्थ आहे, नाहीतर ते वेड्याचं बोलणं आहे. पौलही १ करिंथकर १५ मध्ये हेच म्हणतो, आशा फक्त या आयुष्यापुरती असेल तर आपण सगळ्यांत कीव करण्याजोगे आहोत.

इथवर मी दोन गोष्टी म्हणालो. राखण तुमच्या वाचनावर टांगलेली नाही. आणि राखण म्हणजे काहीच होऊ न देणं नव्हे, जे झालं त्यातून माणूस हातातून न सोडणं. आता परिस्थितीप्रमाणे काय बदलतं ते सांगतो, कारण सगळ्या संकटांना एकच औषध देणारा पाळक धोकादायक असतो. मी तसा होतो.

आजारपणापासून सुरू करू. काही वर्षांपूर्वी एका रविवारी उपासना चालवताना माझ्या छातीत जड वाटायला लागलं, डाव्या हाताला कळा येत होत्या. बायको खुणावत होती. मी तिला हळूच म्हणालो, "ज्याची सेवा करतोय तो सांभाळेल." उपदेश पुरा केला, प्रभुभोजन दिलं, दारात उभा राहून सगळ्यांशी हातही मिळवले. दुपारी जेवणाच्या ताटावर कोसळलो. हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा गेला, डॉक्टर म्हणाले वेळेत आला असता तर बराचसा वाचला असता. आजही दोन मजले चढताना मला मध्ये थांबावं लागतं. शुद्धीवर आल्यावर बायको म्हणाली, "परीक्षा तुम्ही देवाची पाहिलीत आणि पेपर मात्र मी लिहिला." मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला मंदिर लागतंच असं नाही. आईची औषधं, तपासण्या, भावाचं प्लास्टर आणि नंतरचे व्यायाम, हे सगळं चार नांगरांपैकी आहे.

घरात मारहाण किंवा छळ असेल तर भरवसा म्हणजे सोसत राहणं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हे तुमच्याबद्दल नाही, पण वाचणाऱ्यांत कुणी असेल. दावीद जिवावर उठलेल्या शौल राजापासून पळाला. बाळ येशूला घेऊन योसेफ रातोरात मिसरात गेला, तेही देवाच्या सांगण्यावरून. पौलाला टोपलीत बसवून भिंतीवरून उतरवलं होतं. सुरक्षित जागी जाणं हा अविश्वास नाही.

आर्थिक अडचणीत मी नहेम्याच्या चौथ्या अध्यायाकडे बोट दाखवतो. आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला, असं एकाच वाक्यात आहे. नोकरीसाठी अर्ज करणं, ओळखीच्यांना सांगणं, मंडळीकडे मदत मागणं. मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. पण अरण्यात इस्राएल लोकांना देवाने दिलेला मान्ना, म्हणजे रोजचं अन्न, एका दिवसापुरता मिळायचा, साठवला तर किडे पडायचे, आणि आपल्याला शिकवलेली प्रार्थनाही आजच्या भाकरीची आहे. महिन्याची काळजी एका रात्रीत पुरी करायला बसलात तर ती पुरी होत नाही, कुजते.

आणि आता तुमच्या रात्रीच्या उठण्याबद्दल. हे मी जरा थांबून, प्रेमाने सांगतो. "म्हटलं नाही तर काहीतरी वाईट होईल" या भीतीने तेच पुन्हा पुन्हा म्हणावं लागणं, अडखळलं तर पहिल्यापासून, क्षणभर बरं वाटून परत तीच धडधड, हे प्रार्थनेसारखं दिसतं पण कधी कधी त्याच्या मुळाशी आजार असतो. ओसीडी नावाचा. धार्मिक माणसात तो धर्माचे कपडे घालून येतो. मी डॉक्टर नाही, तुम्हाला तोच आहे असं म्हणत नाही. पण असे तीन-चार जण मी माझ्या मंडळीत पाहिले, त्यांना मी आधी जास्त प्रार्थना करायला सांगत असे, आणि त्याने ते आणखी खचत. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवू लागलो. समुपदेशनाने, काहींना औषधांनी, बराच फरक पडला, आणि त्यानंतर त्यांची प्रार्थना पुन्हा प्रार्थना झाली. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्तास पापकबुली देत बसायचा, बाहेर आला की राहिलेलं आठवून परत जायचा. त्याचा कबुली ऐकणारा श्टाउपिट्स शेवटी कंटाळून गेला होता. मोठ्या विश्वासाची माणसंही या चरकातून गेली आहेत. दोन आठवड्यांत हे कमी झालं नाही तर जाऊन या. एलिया संदेष्टा "माझा जीव घे" म्हणत झुडपाखाली पडला होता तेव्हा देवदूताने त्याला आधी उपदेश केला नाही, झोपू दिलं आणि दोनदा खायला घातलं.

रोजचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं होतंत.

रात्री जाग आली तर उठू नका. पुस्तकाला हात लावू नका. पडल्या पडल्या एकच वाक्य म्हणा, "तू जागा आहेस, मी झोपते." रुग्णालयात रात्र जागून काढणाऱ्या नातेवाइकांना मी हे सांगत आलो आहे. काही जण पहिल्या रात्री रडले, काही खरंच झोपले. वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन प्रभू झोपला होता, हा मार्कने न विसरता नोंदवलेला तपशील मला फार आवडतो. त्या झोपेतही होडी बुडाली नव्हती.

सकाळी प्रार्थना करा, पण खरी करा. राग आला असेल तर रागाची. "किती वेळ, हे परमेश्वरा?" असं १३वं स्तोत्र विचारतं, आणि ८८वं स्तोत्र तर अंधार या शब्दावरच संपतं, कसलाही उजेड न दाखवता. ते शास्त्रात ठेवलं गेलं ते तुमच्या-माझ्यासाठी. आणि मागणी नेमकी करा, आईचा रिपोर्ट, भावाचा पाय, मुलाखत. शेवटी शद्रख, मेशख, अबेद्नगो आगीच्या भट्टीत टाकायची धमकी मिळाल्यावर बोलले ते जोडा. आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि तसं न झालं तरी. हे शेवटचे चार शब्द पहिल्यांदा म्हणताना घसा आवळतो. माझा अजूनही आवळतो.

एखाद्या दिवशी काहीच विश्वास वाटला नाही तर? मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्याला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उसकटलं, खाली सोडलं. प्रभूने कुणाचा विश्वास पाहिला असं लिहिलंय? त्यांचा. खाटेवरच्या माणसाने तोवर एक शब्द बोललेला नाही. तेव्हा मंडळीत दोन-तीन अशी माणसं शोधा ज्यांना "आज मला जमत नाही, आज तुम्ही करा" असं सांगता येईल आणि जी तुम्हाला भेगा दाखवणार नाहीत. त्या वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका, पण त्यांच्याकडे सल्ल्यालाही जाऊ नका.

झोपण्याआधी एक छोटी वही ठेवा. "आज मला कुणी राखलं?" एवढंच वर लिहा. चमत्कार शोधू नका. अपघातानंतर भावाला उचलून दवाखान्यात नेणारी अनोळखी माणसं कोण होती, हे तुम्ही प्रश्नात लिहिलं नाहीत. मला वाचताना पहिल्यांदा तेच आठवलं. ती पहिल्या पानावर जाऊ द्या.

राहिलं ते ९१वं स्तोत्र. ते सोडा असं मी म्हणणार नाही. पण आठवडाभर ते सकाळी वाचू नका, मुद्दाम. भीती वाटेल, पहिले दोन दिवस जास्त. घराबाहेर पडताना नुसतं "प्रभू, चल" म्हणा आणि निघा. स्तोत्र संध्याकाळी वाचा, दिवस होऊन गेल्यावर, एकदाच, अडखळलं तरी पुढे जात. भाऊ घरीच आहे तर त्याला शेजारी बसवून वाचा. १५वं वचन त्याला वाचायला द्या. आणि आठवडा झाला की इथेच लिहा, कसं गेलं ते, आणि पायाचं प्लास्टर कधी निघणार आहे तेही.